खाल्लेलं पान शोधा

शीव स्टेशनकडून वांद्र्याला जाणाऱ्या जोडरस्त्याला लागलात की डाव्या हाताला धारावी असते. उजव्या हाताला, मिठी नदीच्या पलीकडे, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारती दिसतात. इकडे दोन-अडीच चौरस किलोमीटरांत लाखो माणसं, तिकडे बँकांची मुख्यालयं आणि हिऱ्यांचा बाजार. या दोघांच्या मधे, रस्ता आणि नदी यांच्या बेचक्यात, ३७ एकरांचं रान उभं आहे. त्याचं नाव महाराष्ट्र निसर्ग उद्यान. जुनी माणसं त्याला माहीम निसर्ग उद्यान म्हणतात. बेस्टच्या बसमधून रोज त्याच्या समोरून जाणाऱ्या कित्येकांना आत काय आहे याचा पत्ता नसतो. ज्यांना असतो त्यांतलेही काही जण रविवारी मुलाबाळांना घेऊन येतात, दहा मिनिटं फिरतात आणि म्हणतात, "पण इथे बघायचं काय?"

प्रश्न रास्त आहे. इथे घसरगुंडी नाही, झोके नाहीत, लोळायला हिरवळ नाही, कारंजं नाही. बागेत आपल्याला जे जे दिसायची सवय असते ते इथे नाही, कारण ही बागच नाही. बागेतलं झाड माणसासाठी लावलेलं असतं. त्याची सावली, त्याचं फूल, त्याचा आकार, सगळं आपल्या डोळ्यांना बरं वाटावं म्हणून. निसर्ग उद्यानातलं झाड अळीसाठी, मुंगीसाठी, पाखरासाठी असतं, आणि माणसाला ते लांबून बघायची परवानगी असते. बागेत पान कुरतडलेलं दिसलं की माळी औषधाचा पंप पाठीला लावतो. इथे पान कुरतडलेलं दिसलं तर झाड लावणाऱ्याचे श्रम सार्थकी लागले असं समजायचं.

म्हणून मुलांना आत नेलं की मी त्यांना एकच काम देते: खाल्लेलं पान शोधा. फूल नको, पक्षी नको, फुलपाखरूही नको. पक्षी लहान मुलांना लवकर दिसत नाहीत, दुर्बीण डोळ्याला नीट लागत नाही आणि दोन-तीनदा हुकलं की ती कंटाळतात. पान मात्र त्यांच्या उंचीवर असतं आणि उडून जात नाही.

पण त्याआधी पायाखाली काय आहे ते सांगायला हवं.

पायाखाली कचरा आहे. १९७०च्या दशकापर्यंत मुंबईचा कचरा इथे येऊन पडत होता. गाड्या यायच्या, रित्या व्हायच्या, ढीग वाढत जायचा, मागे मिठीची खाडी आणि पुढे धारावी. डम्पिंग ग्राउंड बंद झालं तेव्हा या जागेचं काय करायचं हा प्रश्न आला, आणि मुंबईत मोकळ्या जमिनीचं काय करायचं या प्रश्नाचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं. इथे ते चुकलं. जागतिक वन्यजीव निधीच्या भारतातल्या शाखेतल्या मंडळींनी या जागी निसर्ग शिक्षणाचं केंद्र करावं असा आग्रह धरला, एमएमआरडीए या सरकारी विकास प्राधिकरणाने काम हाती घेतलं आणि १९८३ साली पहिलं झाड लागलं. ते लावायला पक्षीतज्ज्ञ सलीम अली आले होते. १८९६ साली मुंबईत जन्मलेला हा माणूस तेव्हा शहाऐंशीच्या पुढे गेला होता. आयुष्यभर पाखरांमागे रानोमाळ हिंडलेल्या माणसाने कचऱ्याच्या ढिगावर रोप लावायचं, हे त्या वेळी बघणाऱ्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. उद्यान लोकांसाठी खुलं झालं ते २२ एप्रिल १९९४ला, वसुंधरा दिनी.

कचऱ्यावर झाड लावणं हे ऐकायला जितकं सोपं वाटतं तितकं नसतं. ढिगावर माती टाकली की आतल्या थरांपर्यंत हवा पोचत नाही. मग हवेशिवाय जगणारे जिवाणू तिथला ओला कचरा कुजवतात आणि त्यातून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतात. हे वायू वर येताना मातीच्या कणांमधला प्राणवायू हुसकावून लावतात. झाडाच्या मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, हे आपण विसरतो. कचऱ्यावर लावलेलं रोप पाण्यावाचून मरतं त्यापेक्षा पुष्कळदा गुदमरून मरतं. त्यात पावसाचं पाणी ढिगातून झिरपताना काळा, आंबूस रस तयार होतो, आणि ढीग कुजत जातो तसा वर्षानुवर्षं खचत राहतो. आज सरळ लावलेलं झाड उद्या कलतं.

अशा जागी आधी चिवट, उथळ मुळांची, लवकर वाढणारी झाडं टिकतात. त्यांतही शेंगा धरणाऱ्या कुळातली झाडं विशेष उपयोगाची, कारण त्यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून मातीत आणतात. शेतकरी भुईमूग किंवा हरभरा घेऊन जमिनीचा कस राखतो तेच इथे शिरीष, करंज किंवा गिरिपुष्प करतं. त्यांची पानं गळतात, पाचोळ्याचा थर साठतो, त्यात बुरशी येते, वाणी येतात, गांडुळं येतात आणि बोटभर काळी माती तयार होते. तेवढ्या मातीत मग नाजूक प्रकृतीची झाडंही पाय रोवतात. उद्यानात फिरताना पाचोळा पायाखाली चुरचुरतो, तेव्हा "इथे कोणी झाडून का काढत नाही?" असं मुलं विचारतात. झाडून काढलं तर पुन्हा कचराच उरेल, हे त्याचं खरं उत्तर. शहरातल्या सोसायट्यांत पाचोळा गोळा करून जाळायची जी हौस असते ती मला कधी कळली नाही. झाडाने वर्षभर कमावलेलं आपण काडी लावून उडवून देतो आणि मग कुंड्यांसाठी खत विकत आणतो.

या जागेचा इतिहास कचऱ्याहून जुना आहे. रस्त्यापलीकडचं धारावीचं बस आगार काळा किल्ला या नावानेही ओळखलं जातं आणि तो किल्ला खरोखरच तिथे आहे, घरांच्या गर्दीत दबलेला. रीवा किल्ला हे त्याचं दुसरं नाव. गव्हर्नर जॉन हॉर्नच्या हुकमाने १७३७ साली बांधला, असं त्यावरचा दगड सांगतो. साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी मराठ्यांनी पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या साष्टीवर चाल करून ठाणं घेतलं आणि दोन वर्षांनी वसई पडली. मुंबई बेटावर इंग्रज, पलीकडे साष्टीत आधी पोर्तुगीज आणि मग मराठे, आणि मधे ही मिठीची खाडी. आज जिथे मुलं सुरवंट शोधतात तो एके काळी सरहद्दीचा काठ होता. इतिहासाची आवड असलेला कोणी घरात असेल तर त्याला किल्ला दाखवायला वेगळा वेळ काढा. उद्यानासोबत त्याच सकाळी दोन्ही उरकायला जाऊ नका.

आता पान.

लिंबाच्या कुळातलं झाड शोधा: लिंबू, ईडलिंबू, कढीपत्ता, बेल. कोवळ्या शेंड्याजवळची पानं बघा. कडेने अर्धगोल कातरलेलं पान दिसलं की तिथेच थांबायचं आणि आजूबाजूची पानं एकेक करून बघायची. पानाच्या मधोमध काळपट, पांढरे डाग असलेली ओलसर शिट पडलेली दिसेल. चिमणीची असावी असं वाटतं. जरा वेळ बघत राहिलात तर ती हलेल. ही कॉमन मॉरमॉन नावाच्या काळ्या, झालर लावलेल्या फुलपाखराची अळी. पक्षी स्वतःची विष्ठा खात नाहीत, या एका गोष्टीवर तिचं बालपण निभावतं. मोठी झाली की मात्र एवढी मोठी शिट कोण मानणार? म्हणून शेवटची कात टाकल्यावर ती रंग बदलते आणि पानासारखी हिरवीगार होते, अंगावर तिरप्या पट्ट्या, डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन ठिपके.

आमच्या घरातल्या मोठ्या मुलीने अशाच हिरव्या अळीला काडीने हळूच डिवचलं. अळीने डोकं मागे घेतलं आणि डोक्यामागून लाल, दुभंगलेलं, ओलं शिंग बाहेर काढलं. त्याबरोबर उग्र वास आला. लिंबाची साल फार वेळ डब्यात राहून खराब व्हावी तसा. मुलगी दोन पावलं मागे सरली, धाकटा मात्र नाक पुढे करून "परत कर, परत कर" म्हणून नाचू लागला. ते शिंग खरं तर मांसल ग्रंथी आहे. एरवी आत गुंडाळलेली असते, मुंगी किंवा गांधीलमाशी अंगाशी आली की बाहेर येते. झाडाच्या पानांतली तीव्र वासाची द्रव्यं खाऊन वाढलेला हा जीव वासानेच लढतो. परत करायला लावू नका, एकदा पुरे. प्रत्येक वेळी त्या अळीची शक्ती खर्च होते.

अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सारं साधारण महिनाभरात होतं. पिवळसर, गोल, जेमतेम मिलिमीटरभराचं अंडं मादी एका पानावर एकच घालते. त्याआधी ती पायांनी पानाची चव घेते. फुलपाखरांना चव कळायची इंद्रियं पायांतही असतात. झाड चुकीचं असेल तर अंड्यातून निघालेली अळी उपाशी मरेल, कारण तिला दुसरं काही खाताच येत नाही. ज्या शहरात फक्त गुलमोहर, विलायती पाम आणि छाटलेल्या मेंदीचं कुंपण आहे तिथे फुलपाखरं मधासाठी येऊन जातील, पण संसार मांडणार नाहीत. २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉन म्हणजे राणी पाखरू हे राज्याचं फुलपाखरू म्हणून जाहीर केलं, आणि असं मानचिन्ह ठरवणारं ते देशातलं पहिलं राज्य. त्या राणीची अळीही लिंबाच्याच कुळातली पानं खाते. तिची चित्रं पुष्कळ ठिकाणी लागली. तिच्यासाठी लिंबाची झाडं किती लागली, हे कोणी विचारलेलं माझ्या ऐकिवात नाही.

दुसरं बघण्याजोगं झाड रुईचं. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो ती रुई. पान तोडलं की पांढरा चीक येतो, डोळ्यात गेला तर डोळा सुजतो, गुरं तिला तोंड लावत नाहीत. म्हणूनच ओसाड जागी, उकिरड्यावर, रेल्वेच्या कडेला ती खुशाल वाढते. पण तिचीही पानं खाल्लेली सापडतात. काळे, पिवळे, पांढरे पट्टे आणि अंगावर काळ्या मिशांच्या तीन जोड्या असलेली अळी उघड्यावर बसून ती खात असते, लपायचं नावही नाही. ही प्लेन टायगरची. रुईतलं विष ती अंगात साठवते आणि पुढे फुलपाखरू झाल्यावरही ते तिच्यात राहतं. एखाद्या नवख्या पक्ष्याने भगव्या रंगाचं ते फुलपाखरू गिळलं तर त्याला ओकारी होते आणि तो रंग त्याच्या कायमचा लक्षात राहतो. याचा फायदा भलतीच घेते. डॅनेड एगफ्लाय या फुलपाखराची मादी हुबेहूब तोच भगवा पेहराव करून फिरते. तिच्या अंगात विष नाही, नुसता आव आहे. तिचा नर मात्र काळा, पंखांवर जांभळी झाक असलेले पांढरे ठिपके. नवराबायकोंना शेजारी शेजारी ठेवलं तरी एका जातीचे वाटणार नाहीत.

मुलं हे सगळं भराभर शिकतात. खरा वेळ लागतो मोठ्यांना, कारण त्यांना चालत राहायचं असतं. नकाशावरचा पूर्ण फेरा झाला पाहिजे, तिकिटाचे पैसे वसूल झाले पाहिजेत. याबाबतीत घरातली म्हातारी माणसं फार उपयोगी पडतात. त्यांना फेरा पुरा करायची घाई नसते आणि गुडघे दुखत असल्यामुळे बाकावर बसायला सबब असते. माझ्या सासूबाई गुहागरकडच्या. त्या करंजाखालच्या बाकावर बसल्या तेव्हा धाकट्याने पान आणून दाखवलं. पानावर पुळ्यांसारखे खरखरीत उंचवटे उठले होते.

"आजी, हे झाड आजारी आहे?"

"आजारी कसलं! करंजाचं पान असंच असतं. आम्ही लहानपणापासून असंच बघतोय."

दोघांचंही बरोबर होतं. ते उंचवटे डोळ्याला न दिसणाऱ्या कोळीवर्गीय किड्यांची घरं असतात. किडा पानाला डसतो, पान त्याच्याभोवती पेशी वाढवून गाठ करतं आणि त्या गाठीच्या आत किडा राहतो, तिथेच खातो. झाडाला याचा फारसा उपद्रव होत नाही. पानाच्या पृष्ठभागाखाली बोगदे करत जाणाऱ्या अळ्यांचे पांढुरके पट्टेही करंजावर हटकून सापडतात. या झाडाच्या बियांचं तेल दिव्यात घालत आणि खरजेला लावत, ही माहिती मुलांना आजीकडूनच मिळाली. शेंग पाण्यावर तरंगते म्हणून करंज खाड्यांच्या काठाने आपोआप पसरतो, ही भर मी घातली. सासूबाईंना ती विशेष वाटली नाही. "आमच्या खाडीला सगळा करंजच आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

उंबर, वड, पिंपळ या मंडळींपैकी एखादं झाड फळांवर असेल तर तिथे अर्धा तास सहज जातो. वर तांबट टुक टुक करत फळं खात असतो, हळद्या येऊन जातो, कोकिळा, बुलबुल, साळुंक्या, खारी, सगळ्यांची ये-जा चालू. पण खरी मौज खाली पडलेल्या उंबरात आहे. उंबर फोडून केंबरं काढू नयेत असं आपण म्हणतो. इथे जरूर काढा. आपण ज्याला फळ म्हणतो ती खरं तर आत वळलेली थैली आहे आणि तिच्या आतल्या भिंतीवर शेकडो बारीक फुलं असतात. उंबर फुललेलं दिसत नाही ते याचमुळे. थैलीला टोकाशी एक अरुंद छिद्र असतं. त्यातून इवलीशी गांधीलमाशी आत घुसते. वाट इतकी चिंचोळी की तिचे पंख तुटून बाहेरच राहतात, म्हणजे परतीचा प्रश्नच मिटला. आत ती अंगावरून आणलेले परागकण फुलांना लावते, काही फुलांत अंडी घालते आणि मरते. तिच्या पिलांतले नर आधी बाहेर येतात. त्यांना पंखच नसतात. मीलन झालं की ते फळाच्या भिंतीला भोक पाडतात आणि बहुतेक सगळे त्या फळातच संपतात. त्या भोकातून नव्या माद्या परागकण घेऊन उडतात आणि दुसरं उंबर गाठतात. तीच आपली केंबरं.

उंबराच्या प्रत्येक जातभाईची साधारणपणे स्वतःची ठरावीक गांधीलमाशी असते. माशी नाही तर बी नाही, आणि झाड नाही तर माशी नाही. आसपासच्या उंबरांना बारमाही फळं आलटून पालटून येत राहतात ती माशीचा संसार चालू राहावा म्हणून, आणि त्याचा लाभ भर उन्हाळ्यात सगळ्या पाखरांना होतो. पायवाटेच्या कडेला बसून फोडलेलं उंबर पाहिल्यावर आमच्याकडे अंजीर खायचं की नाही यावर मोठी चर्चा झाली, ती असो.

मुंग्यांकडेही लक्ष असू द्या. आंब्यासारख्या झाडावर पानं एकमेकांना चिकटवून केलेला हिरवा गोळा दिसला तर तो ओंबलांचा वाडा. कोकणातल्या माणसाला ओंबील सांगावा लागत नाही, आंबे काढताना तो चावलेला असतो. या तांबड्या मुंग्या घर शिवतात ते मोठं चतुराईने. एक रांग पानाची कड तोंडात धरून ओढते. पलीकडचं पान लांब असेल तर मुंग्या एकमेकींच्या कमरेला धरून साखळी करतात. दोन कडा जवळ आल्या की आणखी काही मुंग्या आपल्याच अळ्या जबड्यात धरून आणतात आणि त्यांना या कडेवरून त्या कडेवर फिरवतात. रेशीम फक्त अळ्यांच्या अंगात असतं, मोठ्या मुंग्यांच्या नाही, म्हणून शिवायला पोरांना घेऊन यावं लागतं. हात लावू नका. बघायचं ते दोन फुटांवरून.

उद्यानाची मागची बाजू मिठीला लागते. विहार आणि पवई या तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन निघालेली ही सुमारे १८ किलोमीटरांची नदी इथे माहीमच्या खाडीला मिळायच्या बेतात असते, भरती-ओहोटी तिच्यात चढते-उतरते. काठाला तिवरं आहेत. तिवर खाऱ्या चिखलात उभा राहतो, आणि या चिखलातही कचऱ्यासारखाच हवेचा दुष्काळ असतो. त्यावर तिवराने शोधलेला उपाय ओहोटीला दिसतो. चिखलातून बोटाएवढे असंख्य कोंब सरळ वर आलेले असतात. ते कोंब नव्हेत, मुळं आहेत. खाली जायचं सोडून वर आलेली. त्यांच्यावरच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा आत घेऊन ती जमिनीतल्या मुळांना पोचवतात. मिठाचं काय? मुळं बरंचसं मीठ आत घेतच नाहीत आणि जे येतं ते पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकलं जातं. कोरड्या दुपारी तिवराच्या पानावरून बोट फिरवलं तर बोटाला मिठाची कणी लागते. चव घ्यायची असेल तर कोकणातल्या एखाद्या स्वच्छ खाडीवर घ्या. मिठीकाठी नको. या नदीत काय काय सोडलं जातं हे सांगत बसलं तर प्रकरण लांबेल.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि मिठी नावाची नदी मुंबईत आहे हे पुष्कळ मुंबईकरांना त्या दिवशी कळलं. पात्र अरुंद केलेलं, काठाची तिवरं तोडून भराव टाकलेला, वर भरतीची वेळ. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड थांबवण्याचा आदेश दिला, पुढे २०१२मध्ये राज्याने कांदळवनांसाठी वनखात्यात स्वतंत्र कक्ष उघडला आणि २०२०मध्ये पांढरी चिपी हा राज्याचा कांदळवृक्ष ठरला. पुराचं पाणी झेलायला काठावर झाडं लागतात, हे कोळीवाड्यातली माणसं न्यायालयाच्या आधीपासून जाणत होती.

उद्यानातल्या तळ्याकाठी फार वेळ घालवू नका असं मी म्हणाले असते, पण चतुर तसं करू देत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात पिवळसर रंगाच्या चतुरांचे थवेच्या थवे हवेत तरंगताना दिसतात. हे भटके आहेत. पाऊस संपला की वाऱ्यावर स्वार होऊन समुद्र ओलांडतात आणि मालदीवमार्गे पूर्व आफ्रिका गाठतात. वजन ग्रॅमच्या काही अंशांइतकं. चतुराची पिल्लं पाण्यात वाढतात आणि तिथे डासांच्या अळ्यांवर ताव मारतात, म्हणून तळं आहे तिथे डास असणारच असं समजू नये. ज्या पाण्यात चतुर नाहीत, मासे नाहीत, बेडूक नाहीत त्याच पाण्यात डासांचं फावतं: टायरमधलं, कुंडीखालच्या ताटलीतलं, एसीच्या ट्रेमधलं. अर्थात संध्याकाळी इथे डास चावतात, हे कबूल करायला हवं.

उद्यानाच्या या जागेला संरक्षित वनाचा दर्जा आहे. तरी धारावीच्या पुनर्विकासाच्या आराखड्यात तिची हद्द ओढली गेल्याचं बाहेर आलं तेव्हा वाद झाला, निसर्गप्रेमी न्यायालयात गेले आणि उद्यानाला धक्का लागणार नाही अशी ग्वाही सरकारी यंत्रणेला द्यावी लागली. ३७ एकर म्हणजे फार मोठी जागा नव्हे. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरांहून मोठं आहे, तिथे बिबटे आहेत, कान्हेरीची लेणी आहेत. दोन्हींची तुलना करण्यात अर्थ नाही. बोरिवलीचं जंगल होतंच, ते आपण उरू दिलं. हे रान मात्र माणसांनी कचऱ्यावर उभं केलं आहे, आणि धारावीतल्या मुलाला ते पायी गाठता येतं. जमिनीचा भाव काढून या जागेची किंमत सांगणारे भेटतात. त्यांना कोणीतरी एकदा सकाळी सातला आत न्यावं.

जायचंच असेल तर पावसाळा संपता संपता जा. सप्टेंबर ते नोव्हेंबर फुलपाखरांचे दिवस, फेब्रुवारी-मार्चमध्ये सावर आणि पांगारा फुललेले सापडले तर पाखरांची चंगळ. मे महिन्याच्या दुपारी मुलांना नेऊन निसर्गाची गोडी लावायचा प्रयत्न करू नये. शीवला उतरून टॅक्सी-रिक्षा मिळते किंवा बसने जाता येतं. उद्यान किती वाजता उघडतं ते आधी विचारून घ्या. पूर्ण बाह्यांचे, मळखाऊ रंगाचे कपडे घाला. पाण्याची बाटली, साधं भिंग आणि वही-पेन्सिल घ्या. मोबाइलवर गाणी नकोत, वेफर्सची पाकिटं नकोत. पान, फूल, अळी, काहीही घरी आणायचं नाही. सगळा फेरा करायचा आग्रह धरू नका, दोन-तीन झाडं नीट बघून झाली की बाहेर पडा. मुलांना कंटाळा यायच्या आत निघणं फार महत्त्वाचं.

आणि मुंबईला येणं जमत नसेल तर गॅलरीतली कढीपत्त्याची कुंडी बघा. तिच्यावर शिट पडल्यासारखी अळी सापडली तर चिमट्याने काढून टाकू नका. ती रोपटं ओरबाडून खाईल, पण रोपटं पुन्हा फुटतं. मधल्या दिवसांत फोडणीला पानं कमी पडली तर भाजीवाला कोथिंबिरीबरोबर चार काड्या तशाच देतो.